साठ तासांत काय बसतं

मला मिळालेली माहिती एका ओळीत मावेल एवढी होती: वीस टेक्निशियन, साठ तास, इंग्रजी सुधारायचंय. मशीन दुरुस्त करणारी माणसं ही. ग्राहकाकडे जायचं, बिघाड शोधायचा, दुरुस्ती करायची, सर्व्हिस रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा आणि अडलंच तर मशीन बनवणाऱ्या परदेशी कंपनीच्या हेल्पडेस्कला फोन लावायचा. वयं पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत. शाळेत इंग्रजी सगळ्यांनीच घेतलेलं. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण नेहमी दुसऱ्या कुणी आखलेलं. पाठ्यक्रम आपण आखायचा, ही माझी पहिलीच वेळ.

पहिल्या रात्री मी जे केलं ते सांगायला आजही थोडी लाज वाटते. तीन पाठ्यपुस्तकं काढली, त्यांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांची एक यादी करून टाकली. ४२ ओळी झाल्या. सुरुवात 'टू बी'ने, शेवट तिसऱ्या प्रकारच्या कंडिशनलने, म्हणजे 'असं केलं असतं तर' छापाच्या वाक्यांनी. मधे सगळे काळ ओळीने उभे. दिसायला फार देखणं प्रकरण होतं. मी त्याला नाव दिलं 'अंतिम मसुदा' आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी ते वेळापत्रकात बसवायला घेतलं आणि गणित चुकायला लागलं. साठ तास म्हणजे दोन तासांची तीस सत्रं. पहिलं सत्र कोण किती पाण्यात आहे ते बघण्यात जाणार. एक मधली चाचणी, एक शेवटची. कामावरून परस्पर यायचं असल्यामुळे निदान दोन सत्रं अर्ध्या हजेरीची होणार, हे गृहीत धरलेलं बरं. उरली पंचवीस. त्यातही प्रत्येक सत्राची पहिली पंधरा-वीस मिनिटं उशिरा येणाऱ्यांसाठी आणि मागच्या उजळणीसाठी सोडा. पंचवीस सत्रं, ४२ ओळी. म्हणजे एका काळाला एक तास, आणि तो तास संपला की त्या काळाचं तोंड पुन्हा बघायचं नाही.

आम्हा शिक्षकांत एक शब्द आहे, 'पोर्शन'. पोर्शन संपला, पोर्शन राहिला, पोर्शन ओढून नेला. मी जी यादी केली होती ती पोर्शन संपवण्यासाठी उत्तम होती. संपणार होता तो माझा, त्यांचा नव्हे.

त्यात भर पडली ती काम देणाऱ्यांच्या अपेक्षेची. त्यांच्या पत्रात लिहिलं होतं, 'ए-टू पासून बी-टू पर्यंत न्यावे'. युरोप परिषदेने २००१ साली भाषाक्षमतेची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए-वन ते सी-टू असे सहा टप्पे आहेत. नोकरीच्या जाहिरातींपासून मोबाइल ॲपपर्यंत सगळीकडे ही अक्षरं फिरत असतात, आणि सहा टप्पे म्हटलं की सारख्या उंचीच्या सहा पायऱ्या डोळ्यांसमोर येतात. तसं नसतं. केंब्रिजची परीक्षा घेणारी संस्था जो ढोबळ अंदाज देते त्यानुसार अगदी आरंभापासून ए-टू गाठायला शिक्षकासोबतचे १८० ते २०० तास लागतात, बी-वनला ३५० ते ४००, आणि बी-टूला ५०० ते ६००. ए-टू ते बी-टू म्हणजे किमान तीनशे तासांची मजल, आणि आमच्या हातात साठ. बैठकीत मी हे आकडे फळ्यावर लिहिले. कुणी काही बोललं नाही. मग तिथल्या वरिष्ठ बाईंनी विचारलं, "बरं, मग साठ तासांत काय होऊ शकतं, ते सांगा." या प्रश्नाने माझी यादी कायमची रद्द झाली. अख्खं इंग्रजी साठ तासांत बसत नाही. काय बसवायचं हे ठरवायचं तर आधी ही माणसं दिवसभर इंग्रजीत नेमकं काय करतात, ते बघायला हवं होतं.

मी प्रश्नावली काढली. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, फोन, ईमेल, प्रेझेंटेशन. हवं त्यावर खूण करा. वीसपैकी अठरा जणांनी सगळ्यावर खुणा केल्या आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलं, 'फाडफाड बोलता आलं पाहिजे'. टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी १९८७ साली विशिष्ट कामासाठीच्या इंग्रजीचा विचार करताना तीन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या: कामाला काय लागतं, माणसाकडे काय कमी आहे, आणि माणसाला काय हवंसं वाटतं. प्रश्नावलीतून बाहेर येते ती फक्त तिसरी. ती खोटी नसते, पण तिच्यावर साठ तास उभे राहत नाहीत.

म्हणून मी परवानगी काढून चार दिवस त्यांच्याशेजारी बसले. रिपोर्टच्या ३४ प्रती मिळाल्या, नावं आणि ग्राहक खोडलेल्या. हेल्पडेस्कचे फोन स्पीकरवर ऐकले. आखणीच्या सबंध कामात सगळ्यात जास्त शिकले ते या चार दिवसांत, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

पहिला धक्का फोनचा. मला वाटलं होतं, व्याकरणावर अडत असतील. अडत होते ते पार्ट नंबरवर. बी, डी, पी, टी, व्ही, ई ही अक्षरं फोनवर सगळी एकाच शेपटाची. एम आणि एन यांत तर समोरासमोर बसूनही गोंधळ होतो. थर्टीन की थर्टी, फिफ्टीन की फिफ्टी. एका गृहस्थांनी वीस मिनिटं शांतपणे एक नंबर सांगायचा प्रयत्न केला, आणि शेवटी फोटो काढून पाठवून दिला. "मॅडम, माझं इंग्रजी फोटोत चांगलं आहे," म्हणाले. माझ्या ४२ ओळींत इंग्रजी मुळाक्षरं कुठेच नव्हती, कारण 'ती तर पहिलीत होतात'. वैमानिक आणि सैन्यदलं १९५६ पासून जी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी सव्वीस शब्दांची माळ वापरतात, ती मी जशीच्या तशी उचलली. दुसऱ्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत रोज पाच मिनिटं.

दुसरी गोष्ट 'टेल मी'. समोरच्याला हे लोक उद्धट वाटत होते, आणि ते तर मुलखाचे सौम्य. कारण शोधायला वेळ लागला. मराठीत आपण 'सांगा' म्हणतो तेव्हा त्या शेवटच्या कान्यातच आदर असतो. 'जरा सांगता का' म्हटलं की झालंच. इंग्रजी 'टेल'ला असा काना नाही. आदर बाहेरून जोडावा लागतो, 'कुड यू टेल मी' असा. हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. शाळेत 'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ म्हणून पाठ झालेला.

तिसरी गोष्ट रिपोर्टमधली. ३४ पैकी बहुतेक रिपोर्टांत एक वाक्य थोड्याफार फरकाने होतंच: 'मशीन इज मेकिंग नॉइज सिन्स टू डेज'. यात काळही चुकलाय आणि 'सिन्स'ही. मराठीत 'मशीन दोन दिवसांपासून आवाज करतंय' म्हणताना आपण वर्तमानकाळच वापरतो, आणि दोन दिवसांपासून असो की सोमवारपासून, दोन्हीकडे 'पासून' एकच. इंग्रजीत क्रियापद 'हॅज बीन मेकिंग' होतं, आणि किती दिवस ते सांगायला 'फॉर', कधीपासून ते सांगायला 'सिन्स'. माझ्या यादीत प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस एकतिसाव्या ओळीवर होता, 'प्रगत' या शीर्षकाखाली. या लोकांना तो पहिल्या आठवड्यात लागत होता. आख्खा काळ नव्हे. त्या काळातलं हे एक वाक्य, निरनिराळ्या बिघाडांसकट.

आणि चौथी, माझी सगळ्यात लाडकी. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असे 'द फिल्टर चेंज्ड'. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, 'फिल्टर बदलला'. मराठीत 'मी फिल्टर बदलला' यातला 'मी' काढला तरी वाक्य जागेवर उभं राहतं. क्रियापद फिल्टरच्या बाजूनेच झुकलेलं असतं ना. इंग्रजीत तसं केलं की फिल्टर आपला आपणच बदलतो. त्यावर उपाय दोन: 'द फिल्टर वॉज रिप्लेस्ड', किंवा टिपणवजा 'रिप्लेस्ड द फिल्टर'. दुसरा सोपा आणि रिपोर्टच्या चौकटीत पूर्ण चालणारा. पॅसिव्ह व्हॉइसचे दोन धडे त्या दिवशी अर्ध्या सत्रावर आले.

यानंतरचा माझा दुसरा मसुदा पहिल्याच्या अगदी उलट टोकाला गेला. व्याकरणाचं नावच नाही, फक्त कामं: बिघाड सांगणे, पार्ट मागवणे, ग्राहकाला उशीर होईल हे कळवणे, 'मशीन तुम्हीच चुकीचं वापरलंत' हे त्याला न दुखवता सांगणे. या वाटेला जुना इतिहास आहे. डेव्हिड विल्किन्स यांनी १९७६ साली भाषेचं नियोजन रचनांऐवजी अर्थांवर आणि विनंती, नकार, माफी अशा व्यवहारांवर करावं असं मांडलं. त्याच दशकाच्या शेवटी एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत सुरू केलेला, बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जाणारा प्रयोग त्याहून पुढे गेला. १९७९ ते १९८४ या काळात तिथल्या वर्गांत भाषेची आगाऊ यादीच नव्हती. नकाशा, वेळापत्रक असं काही देऊन त्यावरची कोडी सोडवायची, भाषा त्या ओघात येईल ती. मला हे फार पटलं होतं.

पण हा कोर्स मी एकटी शिकवणार नव्हते. बरोबर आणखी दोघी होत्या. एकीने मसुदा वाचला आणि सरळ विचारलं, "अगं, इथे 'पार्ट मागवणे' लिहिलंयस. मी वर्गात जाऊन शिकवू काय?" माझ्या डोक्यात त्या दोन शब्दांमागे चार दिवसांचे फोन होते. तिच्यासमोर फक्त दोन शब्द होते. आखणारीला जे उघड दिसतं ते कागदावर उतरलेलं नसतं, आणि शिकवणारीच्या हातात शेवटी कागदच येतो. मला तेव्हा राग आला होता, हेही सांगून टाकते. तिचं बरोबर होतं.

तिसरा मसुदा म्हणून मग तक्ता झाला. पहिल्या रकान्यात काम. दुसऱ्यात त्या कामाला लागणारी वाक्यं, पूर्ण, जशी बोलायची तशी. तिसऱ्यात त्या वाक्यांतलं व्याकरण, फक्त शिक्षकासाठी. चौथ्यात मूळ सामग्री: कुठला रिपोर्ट, कुठला फोन. पाचवा रकाना मी सगळ्यात उशिरा घातला आणि तोच सगळ्यात उपयोगी ठरला: 'पुन्हा काय येतंय'. जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली, की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वरच्या अंगाने भेटावी. तत्त्व म्हणून सगळे मान हलवतात. पण तक्त्यात त्याच्यासाठी जागा राखून ठेवली नाही, तर पुनरावृत्ती फक्त भाषणात राहते.

या पाचव्या रकान्यानेच 'ही गोज'मधल्या 'एस'चा प्रश्न सोडवला. सगळी पुस्तकं तो पहिल्या काही धड्यांतच उरकतात. पण शिकणाऱ्यांच्या तोंडात तो फार उशिरा रुळतो. रॉजर ब्राऊन यांनी १९७३ मध्ये इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांबाबत हा क्रम नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी परभाषा म्हणून शिकणारी मुलं आणि प्रौढ दोघांवर झालेल्या अभ्यासांतही हा 'एस' मागेच रेंगाळताना दिसला. 'आयएनजी' लवकर येतो, हा मात्र शेवटच्या गाडीने. आधी मी त्याला तिसऱ्या सत्रात पूर्ण दोन तास दिले होते. ते काढून घेतले. त्याऐवजी पाचव्या रकान्यात तो आठ ठिकाणी टाकला, दर वेळी तीन-चार मिनिटं, आणि चाचणीत त्याचे गुण कापायचे नाहीत असं ठरवलं. एका शिक्षिकेला हे शेवटपर्यंत रुचलं नाही. तिने हळूच कापलेच.

'समजतं सगळं, पण बोलता येत नाही' ही सगळ्यांची तक्रार होती. तिच्यावर नवीन काहीतरी शिकवणं हा उपायच नाही, हे मला भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्यामुळे ध्यानात आलं. कोर्सचा वेळ ते चार सारख्या भागांत वाटतात: ऐकून-वाचून समजून घेणं, बोलून-लिहून सांगणं, भाषेकडे नीट लक्ष देऊन शिकणं, आणि चौथा भाग ओघाचा. या चौथ्यात एकही नवा शब्द यायचा नाही. माहीत असलेलंच, पण अधिक वेगाने. मी धीर करून दर चौथं सत्र कोरं ठेवलं. त्यात एक खेळ असा: कालची दुरुस्ती जोडीदाराला चार मिनिटांत सांगा, जोडीदार बदला, तीच गोष्ट तीन मिनिटांत, पुन्हा बदला, आता दोन मिनिटांत. तिसऱ्या फेरीला वर्गात जो गलका व्हायचा तो बाहेरून ऐकणाऱ्याला गोंधळ वाटे. एकदा तपासायला आलेल्या माणसाने माझ्या वहीत लिहिलं, 'आज नवीन काही शिकवले नाही'. बरोबरच लिहिलं त्यांनी.

शब्दांबद्दल थोडक्यात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली सुमारे दोन हजार अतिवापरातल्या शब्दांची यादी मी हाताशी ठेवली होती, पण तिचा उपयोग उलटाच झाला. 'व्हॉल्व्ह', 'गॅस्केट', 'लीकेज' हे अवघड शब्द त्यांना माझ्यापेक्षा चांगले येत होते. अडत होते ते 'स्टिल', 'ऑलरेडी', 'येट', 'अनलेस' अशा त्या यादीतल्या बारक्या शब्दांवर. तांत्रिक शब्दसंग्रहाची चार सत्रं रद्द झाली.

पहिली बॅच तरीही शेवटी घसरली, आणि दोष आखणीचाच. मी परीक्षा सगळ्यात शेवटी ठेवली होती, आखण्याच्या कामातही. तक्ता करून मी दमले होते, म्हणून प्रश्नपत्रिका दुसऱ्या कुणीतरी केली: रिकाम्या जागा भरा, काळ बदला, चूक दुरुस्त करा. पंधराव्या सत्राच्या सुमाराला नमुना वर्गात पोहोचला आणि आठवड्यात वर्गाचा रंग पालटला. फोनचा सराव सुरू केला की मागून आवाज, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की पेनं खाली. परीक्षेची ही उलटी ओढ मला ऐकून माहीत होती, पण आपल्याच तक्त्यावरून तिचा नांगर फिरताना बघणं वेगळं. साठ तास आखले मी, पण चालवले त्या दोन पानांनी.

दुसऱ्या बॅचला म्हणून मी शेवटाकडून निघाले. आधी परीक्षा: एक फोन, ज्यात पार्ट नंबर घ्यायचा आणि द्यायचा. एक रिपोर्ट, सात-आठ ओळींचा. एक नाराज ग्राहक, जो मीच व्हायचे. प्रत्येकाला बारा मिनिटं. मग तक्त्याची एकेक ओळ घेऊन विचारायचं, ही या तिन्हींतल्या कशाच्या कामी येते? नऊ ओळी तिथेच गळाल्या. तिसरी कंडिशनल फार जड मनाने काढली, मला ती शिकवायला आवडते. आठवड्याभराने परत घ्यावी लागली. 'इफ यू हॅड चेक्ड द ऑइल' हे वाक्य नाराज ग्राहकाशी बोलताना जिभेवर येतंच, आणि ते का बोलू नये, हे शिकवायचं तर आधी ते माहीत हवं.

आता पाचवी आवृत्ती चालू आहे. ओघाच्या सत्रांखेरीज तिच्यात तीन सत्रं अगदीच मोकळी आहेत, 'वर्ग ठरवेल' एवढंच लिहिलेलं. पहिल्यांदा शिकवणाऱ्या दोघींना ती भीतीदायक वाटतात. एकीचा आदल्या रात्री फोन येतो, "उद्याच्या मोकळ्यात काय घेऊ?" मी विचारते, गेल्या आठवड्यात कुठल्या फोनवर अडले? तिला माहीत असतं.

मधे एक नवं काम आलंय. हिशेब विभागातले पंधरा जण, चाळीस तास, 'इंग्रजी सुधारायचंय'. सोबत कुणीतरी मदत म्हणून एका पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिकाही जोडून पाठवली आहे. त्यांच्याशेजारी चार दिवस बसायची परवानगी मागितली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.